प्रकल्प नोंदी: बाबांच्या एलपी, एडिसनहून आलेलं टर्नटेबल आणि काळी चारचा सा

रविवार, २ जून २०२४

आधी हाताशी काय आहे ते लिहून ठेवते. बाबांच्या साधारण १४० एलपी, बहुतेक डमडमच्या कारखान्यात निघालेल्या एचएमव्हीच्या, ख्याल जास्त, मग नाट्यसंगीत, थोडी भावगीतं. त्यांचा ऐंशीच्या दशकातला देशी बनावटीचा अँप (अँप्लिफायर), चॅनेलला १५ वॅट, ८ ओहमचे स्पीकर लावायचा. अँप चालतो, पण त्याच्या फोनो इनपुटचा, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर जोडायच्या जागेचा, डावा चॅनेल मेलेला आहे. स्पीकर माळ्यावर आहेत, कोनाभोवतीचा फोम गळून पडलाय. प्लेअर १९९६ ला घर बदललं तेव्हाच विकला होता.

अमेरिकेत एडिसन गावी राहणारा मामा घर आवरतोय, त्याने त्याचं टर्नटेबल दिलं. सत्तरच्या दशकातलं जपानी बेल्ट ड्राइव्ह (मोटर रबरी पट्ट्याने तबकडी फिरवते), एस आकाराचा टोनआर्म (सुई धरणारा दांडा), वजनदार प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी). मागच्या लेबलवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ.

हेतू एवढाच की आईने (वय ७४) एक पूर्ण बाजू बसून ऐकावी, मध्ये उठावंसं वाटू नये. बजेट २० हजार. आणि ही वही अशासाठी की आपल्याकडे बऱ्याच घरात असंच आहे, एक वस्तू आजोबांची एक मामाची एक नवी घेतलेली, आणि ते एकमेकांशी जुळवायचं कसं हे कोणी सांगत नाही.

पुण्याच्या तापकीर गल्लीतून २३० ते ११० चा स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर आणला, १४०० रुपये. दुकानदार म्हणाला सगळं चालेल. ८५० चा नवीन बेल्ट. सोबत छोटा फोनो स्टेज (सुईकडून येणारा बारीक सिग्नल अँपसाठी वाढवणारा डबा), ४२०० ला. स्पीकर म्हणून नवे बुकशेल्फ, १४ हजारची जोडी. बजेट इथेच गेलं आणि त्या स्पीकरबद्दल पुढे लिहायचंय.

एका गायिकेची एलपी लावली. प्लॅटर फिरला, आवाज आला, मला तर भरून आलं. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली, दाराशीच थांबली आणि म्हणाली, "हा तिचा आवाज नाही गं. एवढ्या ढाल्या, खालच्या आवाजात ती कधी गायली?"

मी म्हटलं जुनी रेकॉर्ड आहे, सुई खराब असेल. ती काही बोलली नाही, पेटी काढून बसली. या बाई काळी चारला गायच्या, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी हा त्यांचा सा, आणि आई याच रेकॉर्डवर पेटी धरून शिकली आहे. सा सापडला पांढरी चारला.

मंगळवार, ४ जून

दोन दिवस मी कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिच्या हालचालीचा सिग्नल करणारा भाग), केबल, अँप सगळं उलटंसुलटं करून पाहिलं. चूक लेबलवर लिहिलेली होती, मीच वाचून सोडून दिली होती.

या मोटरी सिंक्रोनस असतात, म्हणजे वेग व्होल्टवर नाही, हर्ट्झवर (विजेच्या सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांवर) ठरतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, हर्ट्झ तसेच राहतात. ६० च्या मोटरला आपले ५० दिले की एलपीच्या मिनिटाला ३३.३३ फेऱ्यांच्या होतात २७.८. सुरात मोजलं तर तीन अर्धस्वरांपेक्षा (पेटीच्या लागोपाठच्या तीन पट्ट्या) किंचित जास्त, म्हणजे काळी चारवरून बरोबर पांढरी चारच्या जवळ. आईच्या पेटीने जे सांगितलं तेच गणिताने सांगितलं.

उपाय दोन. एक, ६० हर्ट्झ तयार करून देणारा वेगळा पॉवर सप्लाय, सगळ्यात स्वस्त चौकशी १२ हजारची. दुसरा, मोटरवरची पुली (बेल्ट फिरवणारं चाक) बदलणं, १.२ पट मोठी. जपानमध्ये पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० हर्ट्झ आहे त्यामुळे तिथल्या कंपन्या दोन्ही पुल्या बनवायच्या, पण या मॉडेलची ५० ची पुली मला कुठे मिळाली नाही. मग लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) करून घेणं.

शनिवार, १५ जून

शिवण्याला एका लेथवाल्या काकांकडे गेले. जुनी पुली व्हर्नियरने मोजली, ३३ च्या वेगाच्या पायरीला ११.४ मिमी. गुणिले १.२, म्हणजे १३.६८. पितळेत करून घेतली, ७०० रुपये, पाऊण तासात हातात.

घरी लावली, एकदम जिवंत आवाज! पण स्ट्रोबच्या कागदावरच्या रेघा (वेग बरोबर असेल तर त्या लुकलुकत्या दिव्याखाली स्थिर दिसतात) मागे सरकत होत्या. (हा कागद आमच्या हॉलच्या एलईडी दिव्याखाली काही दाखवतच नव्हता, त्या दिव्याला लुकलुक जवळपास नसते. शेवटी कोठीघरातली जुनी चोकवाली ट्यूब वायर लांबवून आणली. ५० हर्ट्झला ३३ साठी १८० रेघांचं वर्तुळ लागतं, अमेरिकन छापलेलं घेऊ नका.) मिनिटाला पन्नासेक रेघा मागे, म्हणजे ०.८ टक्के कमी. आईला विचारलं तर म्हणाली, "आता पट्टी बरोबर, पण सा उतरलाय थोडा, तंबोरा ढिला झाल्यासारखा."

दुसरं म्हणजे बेल्ट दर दहा मिनिटांनी घसरून खाली यायचा.

शनिवार, २२ जून

आठवडा गेला हे समजायला की बेल्टला जाडी असते. बेल्ट पुलीवरून जातो तेव्हा वेग ठरवतो तो बेल्टचा मधला थर, म्हणून खरा व्यास म्हणजे पुलीचा व्यास अधिक बेल्टची जाडी. माझा बेल्ट ०.६ मिमी. तर ११.४ + ०.६ = १२.०, गुणिले १.२ = १४.४, त्यातून ०.६ वजा, म्हणजे पुली हवी १३.८. मी केली होती १३.६८. एका केसाएवढा फरक आणि तेवढ्यात सा उतरतो.

आणि घसरायचं कारण, मूळ पुली मधोमध किंचित फुगीर आहे, डोळ्याला दिसत नाही, नखाने जाणवते. तो फुगवटा बेल्टला मध्यावर धरून ठेवतो. मी सपाट दंडगोल करून घेतला होता.

काका म्हणाले, "ताई, आधी सांगितलं असतं तर तेव्हाच दिला असता." दुसरी पुली, ३३ ला १३.८ आणि ४५ ला १८.८४, दोन्हीला फुगवटा, ९०० रुपये. रेघा उभ्या राहिल्या. दोन तास चालवून मोटरला हात लावून पाहिला, कोमट आहे, हात ठेवता येतो.

संध्याकाळी आईने पेटी पुन्हा काढली. काळी चार. मग ती रेकॉर्डबरोबर हळू आवाजात गायला लागली, मी ट्यूब बंद करून अंधारातच बसले.

शनिवार, ६ जुलै

सूर आला तशी घूंऽऽ अशी हम ऐकू यायला लागली, शांत आलापात तर फारच. आधी टर्नटेबलची हिरवी अर्थ वायर फोनो स्टेजच्या स्क्रूला घट्ट केली, निम्मी गेली. मग प्लग तपासला तर हॉलच्या त्या सॉकेटला तिसऱ्या भोकात अर्थिंगची वायरच जोडलेली नव्हती, इलेक्ट्रिशियनने जोडून दिली. अजून राहिलीच. गंमत म्हणजे टोनआर्म रेकॉर्डच्या मध्याकडे जाईल तशी ती वाढायची, म्हणजे वायरमधून येत नव्हती, हवेतून येत होती. तो ट्रान्सफॉर्मर मी टर्नटेबलच्या मागेच, एक वीत अंतरावर ठेवला होता. कार्ट्रिज म्हणजे बारीक तारेची गुंडाळीच, शेजारच्या लोखंडाचं चुंबकीय क्षेत्र ती पकडणारच. ट्रान्सफॉर्मर साडेतीन फूट लांब, खाली जमिनीवर ठेवला. हम गेली. खर्च शून्य, दोन शनिवार गेले.

रविवार, १४ जुलै

मामाच्या टर्नटेबलवर जी जुनी कार्ट्रिज होती ती त्या काळची नावाजलेली, मला बदलायची इच्छा नव्हती. पण कोकणातल्या दमट घरात राहिलेल्या आमच्या एलपी जराशा वाकलेल्या आहेत, आणि त्या लावल्या की स्पीकरचे कोन आवाज नसतानाही आतबाहेर हलायचे. डग्गा वाजला की त्यावर एक थरथर.

कारण जोडीचं आहे. सुईची दांडी किती लवचीक आणि आर्म किती जड, यावर दोघांचा मिळून एक नैसर्गिक झोका ठरतो. तो ८ ते १२ हर्ट्झमध्ये हवा. ढोबळ सूत्र म्हणजे १५९ भागिले (वस्तुमान गुणिले लवचीकता) याचं वर्गमूळ. माझा आर्म अंदाजे १७ ग्रॅम, कार्ट्रिज आणि स्क्रू ७, एकूण २४. जुनी कार्ट्रिज फार लवचीक, ३० च्या आसपास. उत्तर ६ पेक्षा कमी, आणि वाकलेल्या रेकॉर्डचे झोके तिथेच असतात. ती कार्ट्रिज हलक्या आर्मसाठी होती, या जड आर्मवर कोणीतरी नंतर बसवलेली.

ऑडिओ टेक्निकाची एटी-व्हीएम९५ई घेतली, साडेपाच हजार. कंपनी लवचीकता ७ देते पण ती १०० हर्ट्झला मोजलेली, १० हर्ट्झला साधारण पावणेदोन-दोनपट धरायची, म्हणजे १३ धरली. उत्तर ९ हर्ट्झ. कोन हलायचे थांबले, तीच वाकडी रेकॉर्ड, तोच अँप.

वजनाची एक चूक लिहून ठेवते. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा ३५० ला घेतला, सुईचं वजन (सुईचा रेकॉर्डवर पडणारा दाब) २ ग्रॅम लावलं, तरी वरच्या सुरांना आवाज फाटायचा. काट्यात पट्टीपाशी स्टील होतं आणि कार्ट्रिजच्या आत मॅग्नेट, ते स्टीलकडे ओढलं जात होतं. काटा २ दाखवायचा तेव्हा खरं १.६ च होतं. पट्टीवर खोडरबराचा जाड तुकडा ठेवून, काटा शून्य करून, रेकॉर्डच्या उंचीला आणून पुन्हा मोजलं. या कार्ट्रिजला १.८ ते २.२ चालतं, मी २.० वर ठेवलंय.

रविवार, २८ जुलै

या नोंदीवर माझा सगळ्यात जास्त जीव आहे.

ख्यालाची एलपी घ्या. बाहेरच्या कडेला विलंबित, संथ, आणि जसजसं आत जाल तसतशी लय वाढत शेवटच्या चार-पाच मिनिटांत द्रुत, ताना, तराणा. सतारवादनात शेवटी येतो तो 'झाला', म्हणजे वेगवान भाग. म्हणजे संगीत सगळ्यात दाट असतं ते लेबलच्या अगदी जवळच्या खाचांमध्ये. आणि तबकडीची अडचण नेमकी तिथेच! बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आत लेबलपाशी जेमतेम २१. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा. त्यात आर्म एका टोकाला खिळलेला आणि कमानीत फिरणारा, त्यामुळे सुई खाचेला फक्त दोनच ठिकाणी अगदी सरळ असते.

ती दोन ठिकाणं कुठे ठेवायची ते आपल्या हातात आहे, हेडशेलमध्ये (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज बसते त्या भागात) कार्ट्रिज मागेपुढे सरकवून. मी आधी सगळे वापरतात तो बेरवाल्डचा तक्ता (कार्ट्रिज सरळ बसवायचा छापील आराखडा) वापरला, ६६ आणि १२०.९ मिमी त्रिज्येचा. चांगला आहे, पूर्ण बाजूवर विकृती कुठेच फार वाढू देत नाही. पण आमच्या रेकॉर्ड सरासरी नाहीत. शेवटच्या तानांना आवाज कुरकुरायचा आणि आई म्हणायची, "इथेच तर तिने जीव ओतलाय आणि इथेच पत्रा वाजतो."

मग स्टीव्हनसनचा तक्ता छापला, त्यात आतलं सरळ ठिकाण ६०.३ ला, म्हणजे जवळपास शेवटच्या खाचेवर, बाहेरचं ११७.४ ला. मधल्या भागात थोडं जास्त वाकडं चालतं, पण तिथे संथ आलाप असतो, चालून जातं. दोन संध्याकाळी गेल्या बसवण्यात आणि निकाल आधीपेक्षा वाईट! तिसऱ्या दिवशी स्टीलची पट्टी ठेवून तक्त्यावरची १०० मिमीची रेघ मोजली तर ९७. प्रिंटरमध्ये पानात बसवा हा पर्याय चालू राहिला होता. तक्ता छापला की पहिलं काम पट्टी लावणं, स्क्रू नंतर.

खऱ्या मापाचा छापून पुन्हा बसवलं. द्रुतमधली एक तान आहे, तार सप्तकातून खाली येते, आजवर मला ती एक घसरण म्हणून ऐकू यायची. काल तिच्यातला एकेक स्वर सुटा ऐकू आला.

रविवार, ११ ऑगस्ट

राहिला होता 'स'. भावगीतातले स, श, च कानाला सुईसारखे टोचायचे, अगदी नव्यासारख्या रेकॉर्डवरसुद्धा. मला वाटलं कार्ट्रिजचा स्वभावच तसा. एका मित्राकडून पिकोफॅरड (कपॅसिटन्सचं, म्हणजे वीज साठवण्याच्या क्षमतेचं माप) मोजणारा मीटर आणला आणि मोजत गेले. आर्मच्या आतली वायर ६०, दोन मीटरची जाडजूड केबल (जाड म्हणजे चांगली असं मी समजत होते) २५०, फोनो स्टेजच्या आतला कपॅसिटर २२०. बेरीज ५३०. कार्ट्रिजला हवं १०० ते २००.

हे जास्तीचं कपॅसिटन्स आणि कार्ट्रिजच्या गुंडाळीचं इंडक्टन्स मिळून एक उंचवटा तयार होतो, म्हणजे तेवढ्याच भागातले उंच आवाज जास्त मोठे वाजतात. माझ्या आकड्यांनी तो ९ किलोहर्ट्झच्या थोडा वर येत होता, म्हणजे ऐन 'स'च्या मुलखात. बाजारात कोणीही विकताना ही बेरीज करून देत नाही, ती आपणच करायची.

अर्ध्या मीटरची बारीक, कमी कपॅसिटन्सची केबल घरीच सोल्डर केली, सामान ६०० चं, ती ५० भरली. फोनो स्टेज उघडून २२० चे दोन कपॅसिटर काढून ४७ चे लावले, वॉरंटी गेली. बेरीज १५७, उंचवटा गेला १७ किलोहर्ट्झवर. 'स' गोड झाला असं म्हणणार नाही, पण 'स' झाला, शिट्टी राहिली नाही.

रविवार, २५ ऑगस्ट

स्पीकर. नवे बुकशेल्फ ८५ डीबीचे (तेवढ्याच पॉवरला कमी आवाज देणारे) आणि ४ ओहमचे (अँपकडून जास्त करंट ओढणारे), दिसायला देखणे. अँप १५ वॅटचा, ८ ओहमसाठी केलेला. आवाज थोडा वाढवला की तबल्याच्या थापेला फाटायचा आणि अँपचं झाकण तापायचं. स्पीकर वाईट नाहीत, मोठ्या अँपवर छान वाजतील. माझ्याकडे मोठा अँप नाही आणि घ्यायचाही नाही, बाबांचा हाच ठेवायचाय.

माळ्यावरचे जुने उतरवले. बुधवार पेठेतल्या एका कारागिराने दोघांचा फोम बदलून दिला, २४०० रुपये, चार दिवस. कोन आतून अखंड होते. व्हॉल्यूमचं बटण त्याच ठिकाणी ठेवून मोबाईलच्या मीटरवर जुने ५ ते ६ डीबी जास्त वाजतात. ५ डीबी म्हणजे तेवढ्याच आवाजाला एक तृतीयांश पॉवर पुरते. अँप गार, डग्गा गोल. नवे साडेनऊ हजारला विकले, साडेचार हजारचं नुकसान. माळ्यावर आधी चढले असते तर वाचले असते.

रविवार, १ सप्टेंबर

टर्नटेबल आणि स्पीकर एकाच शिसवी कपाटावर होते, खर्जाला घुमायचं. भिंतीत ब्रॅकेट मारून कडाप्प्याची फरशी टाकली, खाली रबर, सगळं मिळून ११०० रुपये. घुमणं गेलं, आणि नातू पळत आला तरी सुई उडत नाही.

रेकॉर्डवर बुरशीचे डाग होते. डिस्टिल्ड वॉटर तीन भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ कापड, खाचेच्या दिशेने. एलपीला छान चाललं. त्याच ओघात आजोबांच्या पेटीतली एक ७८ ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी) तबकडी घेतली आणि तिच्यावरही तेच फिरवलं. कापड तपकिरी झालं, तबकडी करडी पडली. ७८ च्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. आजोबांनी जपलेल्या नऊ तबकड्यांपैकी एक गेली, मी घालवली. आईला सांगितलं, ती थोडा वेळ ती हातात धरून बसली आणि परत कागदात गुंडाळून ठेवली. हे वाचणाऱ्याने लाखेच्या तबकडीला फक्त पाणी आणि कोरडं कापड, एवढं लक्षात ठेवावं.

रविवार, १५ सप्टेंबर

हिशोब: एकूण २२,५००, त्यात पहिली पुली आणि स्पीकरचं नुकसान मिळून ५,२०० वाया. वेळ साडेतीन महिने, त्यातला निम्मा चुका शोधण्यात. अँप, टर्नटेबल, स्पीकर, तिन्ही पहिल्यापासून चांगलेच होते, बिघाड सगळे दोन वस्तूंच्या मधल्या जागेत निघाले.

एक फुकटची सुधारणा राहिली लिहायची. क्रमांक ईएएलपी किंवा ईसीएलपीने सुरू होत असेल तर रेकॉर्ड मोनो, ईएएसडी किंवा ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. मोनो रेकॉर्ड लावताना अँपवरचं मोनोचं बटण दाबा. मोनोमध्ये गाणं खाचेच्या आडव्या हालचालीत असतं, धुळीची खरखर बरीचशी उभ्या हालचालीत, ती बटणाने कापली जाते. बाबांच्या अँपवर ते बटण होतं आणि इतकी वर्षं मी ते कशासाठी आहे असा विचारही केला नव्हता.

काल आई दुपारी एकटीच बसली होती. मी बाहेरून आले तेव्हा बाजू संपून सुई शेवटच्या खाचेत टक टक करत होती, ती डोळे मिटून तशीच. मी आर्म उचलायला गेले तर म्हणाली, "दुसरी बाजू लाव."

७८ चा प्रश्न बाकी आहे. या टर्नटेबलला तो वेग नाही. सुईही वेगळी लागते, एलपीच्या सुईच्या चौपट जाड, माझ्या कार्ट्रिजच्या व्हीएम९५ मालिकेत ती मिळते आणि त्याच कार्ट्रिजवर बसते, वजन ५ ग्रॅम. ४५ च्या पायरीवर ७८ साठी बाही चढवता येईल का ते लेथवाल्या काकांना विचारलंय, त्यांनी दिवाळीनंतर या म्हटलंय. तोवर उरलेल्या आठ तबकड्या पेटीत उभ्या ठेवल्यात, मध्ये पुठ्ठे घालून. पुलीची माझी मापं वर आहेतच, पण कोणी ती तशीच्या तशी घेऊ नयेत, आधी आपली जुनी पुली आणि आपल्या बेल्टची जाडी मोजा.